बिनवासाचं स्वयंपाकघर

होरिगुचीबाई कचऱ्याच्या पिशव्यांवर जाळी ओढत होत्या. आमच्या गल्लीतले कावळे महाद्वाड, जाळी नीट नसली की सगळ्या गल्लीच्या घरातली बित्तंबातमी रस्त्यावर पसरून ठेवतात. जाळी ओढता ओढता त्यांनी मान वर केली, डोळे मिटले आणि भलामोठा श्वास घेतला. "फुलला बाई एकदाचा! किती उशीर केला या वर्षी. येतोय ना वास?" त्या किनमोकुसेईबद्दल बोलत होत्या. कोपऱ्यावरच्या दातांच्या दवाखान्याच्या कुंपणाशी ते झाड आहे. शरद लागला की त्याला केशरी, बारीक फुलं येतात आणि नागोयातली ही आमची एरवी कुणाच्या खिजगणतीत नसलेली गल्ली आठवडाभर त्या वासात बुडून जाते. मी म्हटलं, "हो तर, मला कालपासूनच येतोय." इतक्या सहज म्हटलं, की पिशवी ठेवून घराच्या दारापर्यंत आल्यावर मला कळलं, आपण चक्क खोटं बोललो. मी उलट वळले आणि झाडाखाली जाऊन उभी राहिले. फुलं फांद्यांना गच्च लगडली होती, काही खाली सांडलीही होती. मी सरळ पानांत नाक खुपसलं. दवाखान्यातली मुलगी काचेआडून बघत होती. गार पानं नाकाला लागली, एक मुंगी ओठावर चढली. वास मात्र नव्हता. मंद होता असं नव्हे, नव्हताच. ओळखीच्या घरात अंधारात दाराकडे हात करावा आणि हाताला सपाट भिंत लागावी, तसं झालं. मुंगी झटकली आणि मी घरी आले.

घरी हे पेपर वाचत बसले होते. हे म्हणजे माझे यजमान, तोकुजी. आयुष्यभर घरोघरचे पाण्याचे मीटर वाचले, आता पेपर वाचतात. दोन्ही सारख्याच निष्ठेने. मी स्वयंपाकघरात गेले आणि लाल मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचा, डबा उघडला. तो वास मला आंधळेपणीही सापडला असता, इतका तो या घराच्या भिंतींत मुरलेला. डबा उघडला आणि समोर नुसती तपकिरी माती होती. व्हिनेगरची बाटली नाकाशी धरली, तर नाकात सुई टोचल्यासारखं झालं, पण व्हिनेगर काही आलं नाही. कॉफी हुंगली, तिळाचं तेल हुंगलं, मग वर जाऊन यांची उशी हुंगली. उशीवर यांचा पांढरा केस होता, हे नव्हते. मी पलंगाच्या कडेला बसले. उन्हाळ्याच्या शेवटी मला ताप येऊन गेला होता, तेव्हापासून नाक चोंदल्यासारखं वाटत होतं. उतरेल आपोआप म्हणून मी सोडून दिलं होतं. म्हणजे तेव्हापासून मी स्वयंपाक करत होते कशाच्या जिवावर? विचार करता करता मला ते कळलं आणि अंगावर काटा आला. डोळ्यांना मिसो दिसला की मनाला मिसोचा वास आठवायचा आणि त्या आठवणीलाच मी वास समजत होते. उधारीवर भरलेल्या दुकानासारखं माझं स्वयंपाकघर चाललं होतं, आणि ते मलाच ठाऊक नव्हतं.

नाक-कान-घशाचे डॉक्टर तरुण होते आणि फार आदबीने बोलले. तापानंतर असं होतं म्हणाले. परत येतो कधीकधी वास. कधीकधी येत नाही. ओळखीच्या वस्तू रोज नाकाशी धरायच्या आणि तो वास आठवायचा प्रयत्न करायचा, एवढाच उपाय. "घरात कुणाला सांगून ठेवा," ते म्हणाले, "गॅसबिसवर लक्ष राहील." मी होकार दिला आणि परतताना गॅसची गळती ओळखून बोंब मारणारं एक यंत्र विकत घेतलं. यंत्राला सांगितलं, माणसाला नाही. का नाही सांगितलं? दुसऱ्या कुणाला हे वेडेपणाचं वाटेल. पण मी काही फार शिकलेली नाही, नोकरी केली नाही, मूलबाळ झालं नाही. या घरात माझं म्हणून जे काही आहे ते ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आहे. सासूबाईंनी ते माझ्या हवाली केलं तेव्हा त्यांच्याकडे एक छोटी बशी होती, निळ्या काठाची, चव बघायची. पळीने त्यात घोटभर ओतायचं, फुंकर मारायची आणि चाखायचं. चाखायचं एकदाच. "दुसऱ्यांदा चाखलंस की जीभ घाबरते आणि खोटं बोलते," त्या म्हणायच्या. त्या बशीला घरात दुसऱ्या कुणी हात लावत नसे. ती ज्या बाईच्या हातात, घराची चव तिच्या हातात. त्या गेल्या तेव्हा ती माझ्याकडे आली, आणि आता ती मी रोज ओठाला लावत होते आणि मला लागत होतं ते एवढंच, की गरम आहे आणि मीठ आहे. मीठही किती पुरे हे जीभ एकटी सांगू शकत नाही. ते नाकाचं काम होतं, हे मला पासष्टी ओलांडल्यावर कळलं.

मग मी कानाने स्वयंपाक करायला लागले. हसू नका. सानमा मासा जाळीवर ठेवला की आधी तडतडतो, मग चरबी सुटली की आवाज ओला होतो, आणि तो पुन्हा कोरडा झाला की उलटायचा. भात शिजताना आधी बडबडतो, मग कुजबुजतो, मग गप्प बसतो. रताळं दाबून कळतं, अळकुडीत काडी खुपसून कळतं. तीळ भाजताना एक तीळ उडाला की आच कमी करायची. ओट्यावर वाकून कान देत देत शरदाचे पहिले आठवडे मी निभावून नेले आणि मला मनातून जरा गर्वही झाला. हे समोर बसून जेवत होते. जेवण झालं की वाटी खाली ठेवून म्हणत होते, "नेहमीसारखं." यांच्या तोंडून जेवणाबद्दल चाळीस वर्षांत हा एकच शब्द आला आहे. लग्न झालं तेव्हा मला या शब्दाचा भारी राग यायचा. बहिणीला फोन करून मी रडले होते, की मी ओल्या अळंब्यांचा भात केला, दिवसभर खपले, आणि हा माणूस म्हणतो नेहमीसारखं. पुढे राग गेला. पुढे तो शब्द ऐकल्याशिवाय मला जेवण झाल्यासारखं वाटेना. नाकासमोर चालणारा माणूस, त्याच्याकडून दाद ती किती येणार, नेहमीसारखं म्हणजे उत्तम, असा मी त्याचा अर्थ लावून टाकला आणि त्या अर्थावर घर चालवलं.

आणि एका सकाळी मी अळकुड्यांचं मिसो सूप केलं. हे ते प्यायले, नेहमीसारखं म्हणाले, कुंड्यांना पाणी घालायला बाहेर गेले. मी भांडी आवरायला घेतली आणि गाळणीपाशी माझा हात थांबला. गाळणी कोरडी होती. आमच्याकडे कुठल्याही सुपाच्या तळाशी दाशी असते. समुद्री शेवाळाची पट्टी पाण्यात मुरवायची, त्यात सुकवलेल्या माशाचा कीस मूठभर टाकायचा आणि गाळून घ्यायचं. ते पाणी म्हणजे दाशी. तिच्यावाचून सूप म्हणजे पाया नसलेलं घर. उरलेला कीस मी कधी टाकत नाही, सोया सॉसमध्ये परतून भातावर घ्यायला ठेवते. आज ठेवायला कीसच नव्हता. किसाची पिशवी फळीवर होती, तिची चिकटपट्टीसुद्धा निघाली नव्हती. मी साध्या नळाच्या पाण्यात मिसो कालवून नवऱ्याला प्यायला दिला होता. पोर करणार नाही अशी चूक. नव्या सुनेने केली असती तर सासूबाईंनी गावभर सांगितली असती. माझ्याच वाटीतलं मी प्यायले होते, आणि मला काही कळलं नव्हतं, ते ठीकच. पण हे?

त्या दिवसापासून माझं डोकं दोन दगडांत धरल्यासारखं झालं. यांना कळलंच नसेल, तर मग चाळीस वर्षं मी पहाटे उठून शेवाळ भिजत घातलं, कीस उकळू द्यायचा नाही म्हणून भांड्यापाशी उभी राहिले, पाहुण्यांकडे गेले तरी दुसऱ्या दिवशीच्या दाशीची काळजी केली, ते सगळं कुणासाठी? विहिरीत ओतत होते मी? सुरुवातीचा एक शरद आठवला. माझं लग्न होऊन महिना झाला असेल, हे पावसात भिजून आले होते, मीटरचं झाकण उचलायचा लांब आकडा हातात होता, आणि दारातच उभे राहून बूट काढायच्या आधी यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून एक श्वास घेतला होता. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं होतं. त्या एका श्वासावर मी या माणसावर प्रेम करायला लागले, हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. तो श्वास नुसता दमल्याचा होता की काय? आणि समजा यांना कळलं असेल. पहिल्या घोटालाच कळलं असेल, आणि तरी हे नेहमीसारखं म्हणाले असतील, तर ते त्याहून वाईट. म्हणजे हे मला सांभाळून घेत होते. म्हातारीची चूक पोटात घालत होते. आणि मग तो शब्द कधीपासून असा पोटात घालायचा शब्द होता? त्या अळंब्यांच्या भातापासून? विचारावं तर विचारण्यासाठी आधी नाकाचं सांगावं लागेल. न विचारावं तर समोर बसलेला हा माणूस माझा चाळीस वर्षांचा जेवणारा आहे की नुसता गिळणारा, हे कळायचं नाही. मी रोज वाटी पुढे करत होते आणि यांच्या तोंडाकडे बघत होते. ते तोंड म्हणजे बंद पाकीट. पत्ता दिसतो, आतलं दिसत नाही.

ऑक्टोबरात गावाकडून, एनाहून, चेस्टनट आले. वन्सं पाठवतात, दरवर्षी. यांची थोरली बहीण, योनेको. डोंगरातलं माहेरचं घर आणि आवारातली झाडं त्यांच्याकडे आहेत, आणि सासूबाईंची जीभही त्यांच्याकडेच आहे, दोन्ही अर्थांनी. पेटी पोचते ना पोचते तोच फोन आला.

"कियोए, पोचले का चेस्टनट?"

"आत्ताच आले, वन्सं. काय टपोरे आहेत हो!"

"असणारच. बाजारातले नाहीत ते. सोलताना ओरबाडू नकोस मागच्या वर्षीसारखे."

"मागच्या वर्षी दोनच तर फुटले होते."

"माझ्या वाटीत आले ते दोन. बाकीचे मी कुठे पाहिले?" त्या खोकल्या की हसल्या, कळलं नाही. "ऐक, नोव्हेंबरात पानं लाल झाली की येते मी. तळणबिळण करू नकोस. आईचं ते नितळ सूप कर. या वयात दुसरं काही घशाखाली उतरत नाही."

"मिसोचं करते की. तोकुजींना लाल मिसोचं..."

"मिसोत काय, म्हैस बुडाली तरी लपेल. नितळ कर. आणि तुझा तो केक कर, चेस्टनटचा. आई त्याला वीट म्हणायची, पण दोन तुकडे खायची."

नितळ सूप म्हणजे निव्वळ दाशी. मीठ, सोयाचे चार थेंब, एखादी अळंबी, आणि लपायला जागा कुठे नाही. वन्संनी माझ्या मर्मावरच बोट ठेवलं होतं, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. त्यांना कळलं असतं तर त्यांनी दुष्टपणा केला नसता, उलट मायाच केली असती, आणि मला तीच नको होती. "बस तू, मी करते," असं म्हणून त्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या असत्या.

चेस्टनट मात्र मी सुखाने केले. हे काम सासूबाईंनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं. गरम पाण्यात भिजवून वरचं कडक टरफल चाकूने काढायचं, पण आतली तपकिरी साल दुखावायची नाही. ती तुरट साल पाकात तशीच राहते, तिच्यातच चेस्टनटची सगळी खुमारी. एक ओरखडा गेला की उकळताना ते तिथून फुटतं आणि पाक गढूळ होतो. ओरखडलेलं बाजूला, भातात घालायला. मग सोडा घालून उकळायचं, काळं पाणी फेकायचं, बोटांनी हळूच शिरा चोळून काढायच्या, पुन्हा उकळायचं, तुरटपणा जाईपर्यंत. मी एक तुकडा जिभेवर ठेवला आणि तोंड एकदम आक्रसलं. गालांच्या आतल्या बाजू एकमेकींना चिकटल्या. मी ओरडलेच. तुरटपणा नाकाचा नव्हताच! तो स्पर्श होता, कातड्याला कळणारा, आणि माझं कातडं शाबूत होतं. आणखी दोनदा उकळून मी पुन्हा तुकडा ठेवला. आता जीभ गुळगुळीत. मला जग थोडंसं परत मिळालं होतं, खिडकीच्या फटीएवढं, आणि मी एकटीच स्वयंपाकघरात ओले हात घेऊन हसत होते. हे दारात आले. "काय झालं?" म्हणाले. मी म्हटलं, "तुरट आहे!" यांनी मान हलवली आणि परत गेले. काय समजले असतील कोण जाणे.

केकने मात्र मला दगा दिला. केक मी तरुणपणी आमच्या वस्तीच्या सभागृहात एका बाईंकडे शिकले होते. सासूबाईंच्या मते ओव्हन ही माणसाने आळसासाठी काढलेली भट्टी. पण केक झाला का हे कळायला मी घड्याळाकडे कधी पाहिलं नाही. आधी लोण्याचा वास येतो, मग अंड्याचा, मग त्या दोघांचं भांडण मिटून भाजल्याचा एकच गोड वास येतो, तेव्हा उठायचं. आता तसं नव्हतं, तर घंटा लावायची, ते मी विसरले. पुढच्या खोलीत मी लोकरीचा गुंता सोडवत बसले होते. हे बागेतून आत आले, जरा थांबले, आणि म्हणाले, "अगं, ओव्हनमध्ये काही आहे का?" इतक्या हळू म्हणाले, जणू ओव्हनला राग येईल. मी धावले तर दारातून धूर येत होता. यांनी खिडक्या उघडल्या. "आज थंडी नाही तशी," म्हणाले. मी खाली मान घालून उभी राहिले. यांनी चाकू घेतला, खालचा काळा भाग खरवडला, वरचा तुकडा चहाबरोबर खाल्ला आणि म्हणाले, "वरून चांगला आहे." नेहमीसारखं म्हणाले नाहीत. मी दिवसभर ते तीन शब्द उलटसुलट करत होते. जळका वास कुणालाही येतो, त्यावरून काय ठरतं? पण धूर खोलीभर होता आणि मी लोकर सोडवत बसले होते, हे यांनी पाहिलं होतं. मला तेव्हाच सांगता आलं असतं. जीभ उचललीच नाही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी रोज ओळखीच्या वस्तू नाकाशी धरत होते. युझूचं लिंबासारखं फळ धरलं की सासूबाईंचे भेगाळलेले हात आठवत, पेन्सिलीचं कोरलेलं लाकूड धरलं की शाळेची ओली छत्री. आठवणी धावत येत, वास त्यांच्या मागे दाराबाहेर उभा राही.

नोव्हेंबरात पानं लाल झाली आणि वन्सं आल्या. सत्तरी उलटून किती वर्षं झाली, पण पाठ ताठ. आल्या आल्या भावाला म्हणाल्या, "तोकू, तू वाळलास. ही खायला घालत नाही का तुला?" आणि मला म्हणाल्या, "तूही वाळलीस. हा तुला खायला घालत नाही का?" मग पांघरूण घातलेल्या, खालून ऊब देणाऱ्या मेजाखाली पाय घालून त्यांनी संत्रं सोलायला घेतलं आणि माझी सुटका झाली.

स्वयंपाकघरात केक तयार होता. या वेळी घंटा लावून, काडी खुपसून, दोनदा बघून केलेला. पाकातले चेस्टनट काचेच्या वाडग्यात अखंड, चकचकीत. भात झाला होता, मासा झाला होता. मधल्या शेगडीवर नितळ सूप होतं आणि ते दिसत होतं अगदी हवं तसं, म्हणजे पाण्यासारखं. मी बशीत घोटभर ओतलं, फुंकर मारली, चाखलं. गरम. खारट. बाकी काही नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्यांदा चाखलं. गरम. खारट. की कमी खारट? तिसऱ्यांदा चाखलं. जीभ घाबरली होती, सासूबाई म्हणायच्या तशीच. वाफ तोंडावर येत होती आणि त्या वाफेत सगळं होतं, शेवाळ, मासा, अळंबी, चाळीस वर्षं, आणि मला फक्त ओल कळत होती. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, वन्संच्या भीतीने नाही आलं. आपण या भांड्यापाशी उभ्या आहोत आणि या भांड्यात आपण नाही, याचं आलं.

"दीदी चहा मागतेय," हे दारातून म्हणाले. हे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत कधी येत नाहीत. सासूबाईंच्या वेळची शिस्त.

"अहो, आत या जरा."

"मी?"

"चव बघा." मी बशी पुढे केली. "मला वास येत नाही. उन्हाळ्यापासून. काहीच येत नाही."

हे उंबऱ्यावर उभे राहिले. मग आत आले. बशी दोन्ही हातांनी घेतली, ओठाला लावली, आवाज करत ओढली आणि वर छताकडे बघत राहिले. मला वाटलं, आता येतोय तो शब्द. आला असता तर मी काय केलं असतं कोण जाणे.

"पाणी आहे," हे म्हणाले.

"म्हणजे?"

"शेवाळ आहे. मासा नाही. मासा नुसता पाय बुडवून निघून गेलाय."

मी थक्क झाले. मी मूठभर कीस घेतला, दुसऱ्या भांड्यात दाशी काढली, कीस तळाला बसू दिला, गाळून ती सुपात ओतली. पुन्हा बशी.

"आता?"

"जवळ आला. अजून जरा."

"आणि ते... त्या दिवशीचं अळकुड्यांचं सूप?"

"त्यात काही नव्हतंच. गरम चिखल होता."

"आणि तुम्ही म्हणालात नेहमीसारखं!"

"तू विचारलंस कुठे? वाटी ठेवलीस आणि माझ्याकडे अशी बघत बसलीस, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखी."

"विचारलं असतं तर सांगितलं असतं?"

यांनी खरोखर विचार केला. "नसतं."

"का?"

"दोन महिने झाले, तू वाकून भांड्यांना कान लावतेस. मी बघतो की बागेतून. इतकं कान लावून माझ्यासाठी कुणी करत असेल, त्याला काय सांगायचं, चिखल आहे म्हणून?" मग भांड्याकडे बघत म्हणाले, "मला कळत नाही असं समजू नकोस. जन्मभर लोकांच्या मोरीमागे उभं राहून मीटर वाचले. कुणाकडे दाशी काढतात, कुणाकडे पुडीतली भुकटी टाकतात, गल्लीत शिरतानाच कळायचं. संध्याकाळी सगळं शहर हुंगून घरी यायचो. आपल्या दारात आलो की वाटायचं, चला, पोचलो."

मी पळी हातात धरून रडत होते आणि त्याच वेळी मला इतका आनंद होत होता की तो लपवायला मी चिडले. "चाळीस वर्षं तोंड शिवून बसलात! आणखी काय काय आहे पोटात? बोला आता!"

"वांगी," हे म्हणाले.

"वांगी काय?"

"शरदातली वांगी सुनेला देऊ नयेत अशी म्हण आहे ना, म्हणून आईने तुझ्या वाटची माझ्या ताटात घातली. मी खाल्ली. तुला वाटलं मला आवडतात. तेव्हापासून दर शरदात तू मला वांगी घालतेस." यांनी सुस्कारा सोडला. "मला वांगी आवडत नाहीत, कियोए."

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथे नाक माझं दाबलं गेलं आणि तोंड यांचं उघडलं. मी पदराने, म्हणजे अॅप्रनच्या टोकाने डोळे पुसले आणि इतक्या जोरात हसले की बाहेरून हाक आली.

"काय चाललंय आत? सूप करताय की दुसरं लग्न लावताय?"

"आलो, दीदी!" हे ओरडले. मग पुन्हा बशी पुढे केली, स्वतःहून. मी ओतलं. यांनी चाखलं, मीठ मागितलं, मी चिमूट टाकली, यांनी अजून मागितलं, मी टाकलं. चौथ्यांदा की पाचव्यांदा चाखून यांनी मान डोलवली. "झालं," म्हणाले.

वन्संनी वाटीवरचं झाकण काढलं, वाफ आत ओढली, डोळे मिटले. एक घोट घेतला. वाटी खाली ठेवली.

"खारट आहे," वन्सं म्हणाल्या. "आईच्या घरी असं नव्हतं कधी."

यांचे कान लाल झाले. मी माझी वाटी खाली ठेवली.

"मला वास येत नाही आता, वन्सं. आज चव यांनी पाहिली. यापुढेही हेच बघणार. या घराची चव आता ही."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं, मग धाकट्या भावाकडे पाहिलं. यांनी वाटी उचलली, एक घोट घेतला, छताकडे पाहिलं, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा जेवायला बसल्यावर मत दिलं.

"खारटच झालंय थोडं," हे म्हणाले.

मी उठून गरम पाण्याची किटली आणली आणि तिघांच्याही वाट्यांत थोडं थोडं ओतलं.